आबाची रेघ

हॅलो?

हॅलो… कोन?… हां, अक्का, बोल… येतंय, येतंय आयकू. जोरात नको बोलू…

न्हाई गं, झोपतो कुठून. धरनावर हाय. होडी काढलीय ना डागडुजीला. उलटी घातलीय चार दगडावर, तिच्या सावलीला बसून खरडायलोय… रंग! जुना रंग खरडायलोय, तारेच्या ब्रशनं… हो, उन्हाचाच. मग कवा करू? पानी चढल्यावर होडी पान्यात असती अक्का, माझ्या मांडीवर नसती.

बरं, तुझा डोळा कसा हाय ते सांग… पट्टी निघाली का?… मग डॉक्टरनं उन्हात जाऊ नको म्हनलंय तर तू बाजारात कावून फिरायलीस?… आगं, वडवणीचा बाजार हाय म्हनून काय तू गेलंच पायजे का? लेकीकडं डोळ्यासाठी गेलीस का बाजार करायला?… आरोहीचं दप्तर? शाळा उघडायला महिना हाय अजून… बरं बरं. घे बाई. तुझी नात, तुझी हौस.

हां, पाचवी. म्हायती हाय मला. आपल्या वस्तीवर चौथीपस्तोरच शाळा, पुढं पलीकडच्या गावात जावं लागतं, म्हंजी माझ्या होडीतच बसावं लागतं. मला कावून समजून सांगायलीस हे? पंचवीस वर्सं झाले वल्हं मारायलोय मी.

जागा… हां, सांगतो ना. आदी दप्तर तर घे.

डबा?… मोठा का लहान… आगं मला काय कळतंय त्यातलं! तुला दिसंल तो घे. दुकानदाराला इचार… थांब एक मिनिट… काय बे हरिओम?… न्हाई, ती वायर तिकडून आन, पायात येती… हां, तिकडून.

वेल्डिंगवाला हाय, अक्का. तुझ्या वडवणीचाच, हरिओम म्हनून. जनरेटर टेम्पोत घालून आनलाय बिचाऱ्यानं. बुडाचा पत्रा इतका पातळ झालाय, बोट दाबलं तर आत जातंय. तीन जागी पट्टी मारायलाय… न्हाई, आमचा राम न्हाई आला. कंपनीत सुट्टी न्हाई म्हनतो. पुन्याला गेलेली पोरं काय होडी खरडाय येतेत का. मी आन तुझी भावजय. ती आताच भाकर देऊन गेली. म्हनली, औंदा सोडा हे, अंगात काय राहिलंय तुमच्या… खरं बोलली. खांदा वर जात न्हाई अक्का. सकाळी सदरा घालताना रडू येतंय. थकलो मी. लई थकलो.

न्हाई, तेल लावलं. न्हाई उपेग.

जाकिटं? हो, त्याच्यासाठीच तर फिरलो काल दिवसभर. बारा आलते ना वस्तीला, पान्यात पडलं तर तरंगायचे. घरोघर एकेक दिलं, का तर संबाळून राहतेल. कुठं कुठं सापडले सांगू? हरिबाच्या उशाला एक. म्हनला, मऊ लागतं, मान दुखत न्हाई. साखराबाईनं त्याच्यात कोंबडी बसवलीय, अंड्यावर. म्हनती, पिलं निघूस्तोर हात लावू नका… हसू नको! एक तर बैलाच्या खांद्यावर सापडलं. जू घासून खांदा सोलला म्हनून जाकीट फाडून गादी केलीय त्याला. आता बैल तरंगंल, लेकरायनी काय करायचं?

आन आपल्या सरपंचानं, राधाकिशननं, चार जाकिटं ग्रामपंचायतीच्या काचंच्या कपाटात ठिवलेत. कुलूप लावून. प्लॅस्टिक बी काढलं न्हाई वरचं. म्हनतो, वापरले तर खराब व्हतेल, कोनी तपासायला आलं तर काय दाखवू… मी म्हनलं, सरपंच, बुडलेलं लेकरू दाखवा… हो, तोंडावर म्हनलं. त्याला राग आला. येऊ दे.

लखनच्या घरी? न्हाई… त्याच्याकडचं राहिलं एक… आगं कसा जाऊ? गनपतीपासून तोंड फिरवून जातो तो. म्हशी हाकत समोरून आला तर म्हशी बी वळवतो… हां. माफी. तू दर फोनला माफीच सांगती. म्हायती हाय, दुधाचे दोन कॅन व्हते भरलेले… हो, होडीतून म्याच ढकलले… हो, बंकटला राग आला आन त्यानं लखनचं दूध धरनात ओतलं, सगळी वस्ती म्हनती. तू बी म्हन… प्यालो नव्हतो गं! सकाळचे साडेनऊ वाजले व्हते, कोन पितंय त्या टायमाला?… मग कावून म्हंजी… उगंच. जाऊ दे. दुसरं बोल.

अक्का, दुसरं बोल म्हनलं ना.

हां… आरोहीची जागा. आता ऐक ना… ऐक तर… न्हाई, मी न्हाई म्हनलो का तुला? तुझ्या नातीला मी न्हाई म्हनंन का?… हो, गुदस्ता पंधरा लेकरं व्हते, औंदा सोळावी आरोही. पंधरा बसतेत तिथं सोळावं बसलं तर काय बिगडतं. बरोबर हाय तुझं. सगळे असंच म्हनतेत, एकच तर हाय. दरसाल एकच आसतंय.

न्हाई, तुझ्यावर न्हाई चिडलो.

सांगतो काय झालंय. परवा सकाळी खरडाय बसलो ना, तर हिरव्या रंगावरची ती पांढरी रेघ हाय बग… आगं होडीच्या अंगाला चारी बाजूनं मारलेली. पानी तिच्या वर आलं की समजायचं, वजन जास्ती झालं, एकानं उतरायचं… हां, ती. ती खरडली. आन तिच्याखाली तीन बोटावर हिरव्या रंगाखालून आजून एक पांढरी रेघ निघाली. म्हनलं बरं. आजून खरडलं. तिच्या खाली चार बोटावर… पिवळी.

हां. पिवळी. आबाची.

मी ब्रश खाली ठिवला आन बसलो, अक्का.

तुला याद हाय?… हां, धरन पहिल्यांदा भरलं तवा. आपली वाट पान्याखाली गेली, आन आबानं ही होडी आनली. तू तवा सासरी ऱ्हायचीस, माहेरपनाला आलतीस, तुझी विजयमाला कडंवर… आठ मानसं बसवली त्यानं हिच्यात. तू, आई, हरिबा… हां, भिवराबाई, ती तर एकटीच दोघीची व्हती! आन पानी जितं लागलं तितं आबानं बोट ओढलं, काठाला आनून रंग मारला. पिवळा, बैलाच्या शिंगाचा उरलेला. आन तू म्हनलीस, विजूला कावून धरता आठात, ती मांडीवर हाय… मग काय म्हनला आबा?… हां! तेच. मोठं मानूस बसून ऱ्हातं, लेकरू हालतं, लेकरू पुरं धरायचं. मला तर शब्द न् शब्द याद हाय. तू बी इसरली न्हाईस.

वर कोनी नेली…

मीच नेली. ह्या हातानं. दुसऱ्या कोनाचं नाव कावून घेऊ? पहिल्यांदा तालुक्याचा साहेब आलता. पानी रेघंच्या वर दिसलं त्याला. म्हनला, होडी बंद करा. लोकायनी मला घेरलं. बंकट, मानसं कमी न्हाई करता येत, सगळे आपलेच हायेत. वर्साला पोतंभर जवारी देतो आमी तुला, मंग काठाला कोनाला ठिवतो तू? रेघ काय देवानं मारलीय का, घे चार बोटं वर. घेतली. साहेब आला, पानी रेघंच्या खाली. खूश झाला. चहा पिऊन गेला… दुसऱ्यांदा त्याला बी यावं न्हाई लागलं. म्याच मारली, तीन बोटं वर. नवा रंग देताना जुनी झाकली आन मारली. इतकं सोपं. पान्याला थोडंच म्हायती हाय रेघ कुठं मारली ते.

हो, कोनी म्हनलं न्हाई मला तवा, नको करू. आन मला बी वाटलं न्हाई. खरं सांगतो.

काय?… आयकू येत न्हाई, मशीन चालू केली ह्यानं… थांब बे! दोन मिनिटं थांब! बहिनीचा फोन हाय… हां. बोल. काय म्हनलीस?

आतापस्तोर काय झालं न्हाई ना… 

अक्का, बस कुठंतरी. सावलीला बस. बसलीस का?… त्या दुकानाच्या पायरीवर बस, काय म्हनत न्हाई तो.

त्या दुधाचं सांगतो.

गनपती बसले व्हते. धरन तुडुंब. लखननं नेहमीसारखे चार कॅन ठिवले होडीत आन गेला म्हशीकडं. पलीकडं डेअरीची गाडी घेती ना ते. वर पंधरा लेकरं. रेघंला पानी टेकलं व्हतं, पर वर न्हाई. म्हनलं, रेघ सांगती चालतंय, तर चालतंय. माझीच रेघ, आन माझाच इश्वास तिच्यावर. येडा मी.

मधात गेलो आन वारं सुटलं. लई न्हाई, तू म्हनतीस तसं वादळ बिदळ काय नव्हतं. नुसतं वारं. एक लाट काठावरून आत आली. लेकरं एका बाजूला सरकली, मंग दुसरी आली… घोट्यापस्तोर पानी झालं, अक्का. मी वल्हं सोडू शकत न्हाई. वल्हं सोडलं की होडी आडवी व्हती. ओरडलो नुसता. आन ती लखनची मोहिनी हाय ना, आठवीतली… तिनं डबा उघडला. भाकर-भाजी फेकली पान्यात आन डब्यानं पानी उपसाय लागली. तिचं बगून सगळ्यायनी डबे काढले. पंधरा डबे. छोटे छोटे स्टीलचे. लेकरं रडायले बी आन उपसायले बी. दिवसभराचं जेवन गेलं सगळ्यायचं.

तरी भरायलंच व्हतं. म्हनून मी पायानं ते कॅन… जितके पायाला लागले तितके ढकलले. दोन गेले. होडी चार बोटं वर आली. बरोबर चार बोटं.

अक्का?

हॅलो?… हायस का लाईनीवर?…

रडू नको. ये, रडू नको! डोळ्यात टाके हायेत तुझ्या. पुस… पदरानं न्हाई, त्या डॉक्टरच्या कापसानं पुस… हां. सगळे सुखरूप हायेत. गेली ती गोष्ट. सगळे हायेत.

कावून बोललो न्हाई? मोहिनीच म्हनली. काठाला लागलो, सगळे वले गच्च. आन ती पोरगी म्हनती, काका, घरी सांगू नका, आमची शाळा बंद करतेल… पोरायची न्हाई करत अक्का, पोरींची करतेत. नऊ पोरी हायेत त्यात. चार जनींचं तर सातवी-आठवीतच घरात लग्नाचं बोलनं चालू हाय, तुला म्हायती हाय. पोरायनी बी शपथ घेतली. बग, पंधरा लेकरं, गनपतीपासून आजपस्तोर एकानं तोंड उघडलं न्हाई. आन त्या पोरीचा बाप मला वस्तीत शिव्या देतो, आन ती खाली मान घालून ऐकती. मी बी ऐकतो.

दुसऱ्या दिवसापासून? दोन कॅन मी काठालाच ठिवाय लागलो. त्याच्यानं तर लखन आजून चिडला. एका बी लेकराला मातर म्हनलो न्हाई, उतर. तोंडच झालं न्हाई. रोज पलीकडं लागूस्तोर छातीत दुखायचं. सा महिने. म्हनून थकलो, अक्का. वल्ह्यानं न्हाई थकलो.

आं?… न्हाई. न्हाई न्हाई न्हाई. हे बग! हेच! ह्याच्याचसाठी बोललो न्हाई मी कोनाला! आरोहीला घरी ठिवीन म्हनं! मंग ती काय करंल घरी, तुझा डोळा राखत बसंल?… आगं तिचे मायबाप पोरगी शिकावी म्हनून तुझ्यापाशी ठिवून कारखान्यावर ऊस तोडाय जातेत. आन तू दप्तर परत करायलीस… बस. उठू नको. दप्तर हातात हाय ना? असू दे हातात. ऐक माझं. ऐकशील का?

आबाच्या रेघंवर आठच बसतेत. बरोबर? लेकरू पुरं धरून आठ. सोळा लेकरं, म्हंजी दोन खेपा. लखनचे कॅन तिसऱ्या खेपंला… हो, मीच मारनार वल्हं. दुसरं कोन हाय?… खांदा दुखंल. दुखू दे ना. छातीपरीस खांदा बरा… पानी चढूस्तोर तर पायीच जायाचंय त्यायला, दोन-तीन महिने हायेत मला खांद्याला तेल चोळायला.

हां, दुसऱ्या खेपंला उशीर व्हनार. प्रार्थना बुडंल, एखांदा तास बी बुडंल. सगळ्यायलाच पहिली खेप पायजे असनार, म्हायती हाय. भांडनं व्हतेल काठावर. म्हनून तुला सांगायलोय. आरोही दुसऱ्या खेपंला बसंल. रोज. माझ्या घरचं लेकरू मागं थांबलं तर दुसऱ्याला बोलायला तोंड ऱ्हातंय का?… उन्हात, पावसात, हो, थांबंल. तिला सांग, मामाआजोबा म्हनला. मास्तर रागवला तर मला रागवंल, मी जाऊन सांगनार हाय.

राधाकिशन? तो म्हननारच. काल बी म्हनला, रंग देताना रेघ जरा वर घे, औंदा लेकरं जास्ती हायेत… हो, आन मी आजवर त्याला न्हाई म्हनलो न्हाई, हे बी खरं हाय. तू वळखतीस मला. माझ्यापुढं चार मानसं उभी राहिली आन बंकट, बंकट केलं की मी ढिला पडतो. औंदा बी पडंन. पक्कं म्हायती हाय मला.

म्हनून तर हरिओमला बोलावलंय.

पट्टीसाठी न्हाई, पट्टी पलीकडच्या गावातल्यानं बी मारली असती. सळी आनलीय मी, लोखंडाची, बोटाएवढी. आबाच्या रेघंवरून चारी बाजूनं वेल्डिंग करून टाकायलोय. रंग न्हाई आता. मला बी वर नेता येनार न्हाई. आंधळ्यानं हात फिरवला तरी लागंल. मोहिनीचा हात बी पोचतो तितं, आत बसल्या बसल्या. तिला सांगनार हाय, सळी पान्याखाली गेली की तू ओरडायचं, मी ऐकलं न्हाई तरी ओरडायचं.

हां… आबाला बरं वाटलं असतं का, काय म्हायती. तो तर म्हनला असता, पंचवीस वर्सं झोपला व्हता का बे.

लखनला?… तू नको सांगू. मी जातो. सळी लागली की जातो, आज संध्याकाळी. आदी सळी, मंग लखन. आदी सांगितलं तर तो पोरगीला घरात बसवील. सळी दाखवून सांगितलं तर… बगू. मारलं तर मारील. दूध त्याचं व्हतं, पोरगी बी त्याचीच व्हती. मला जाकीट बी आनायचंय त्याच्याकडून, तेवढं एक राहिलंय.

बरं, उन्हात बसू नको आता. घरी जा. डोळ्यात थेंब टाक… हां, रविवारी ये. होडी सुलटी करायची हाय, आठ मानसं बसवून बगायचं हाय पान्यात. तू बसशील ना?… तवा बी तूच बसली व्हतीस.

हरिओम, लाव बे मशीन. ये… आलो.

अक्का, ठेवू का?… आं?… कोनता डबा? मोठा? रुंद तोंडाचा?… 

कावून मोठा?

…

न्हाई गं. लहान घे. दोन भाकरी आन भाजी बसली की झालं. तेवढाच लागतो.

हां. लहानच घे. ठेवतो.